पाडसाच्या प्रिंटचा रंग उडालाय, परत येईल का?

माझ्याकडे हरणाच्या पाडसाची एक प्रिंट आहे, बाबांनी दिलेली, गवतात बसलेलं पिल्लू आणि मागे उभी त्याची आई. बरीच वर्षं खिडकीसमोर लावलेली होती. काल काच पुसायला फ्रेम उघडली तर माउंटखाली (चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या चौकटीखाली) झाकलेली बोटभर पट्टी तांबूस, छान उबदार रंगाची आणि बाकी पाडस सगळं निळसर करडं, मला इतकी वर्षं वाटत होतं चित्रच तसं आहे, बघून जीव हळहळला हो. काही करता येतं का? आणि हे चितळ आहे ना? आईच्या अंगावर ठिपके नाहीयेत पण.

कुंचला: गेलेला रंग परत येत नाही, कोणी काही लावून देतो म्हणालं तरी लावू देऊ नका. उजेडाने पिवळा आणि गुलाबी आधी विटतात, निळा आणि काळा टिकतात, म्हणून तपकिरी अंग निळसर दिसायला लागतं. भिंगातून बघा, रंगीत ठिपके फुलासारखे ओळीत बसलेले दिसले तर ती ऑफसेट, म्हणजे छापखान्यातली छपाई, आणि बारीक फवारा मारल्यासारखं दिसलं तर इंकजेट. इंकजेटमध्येही डाय शाई (विरघळलेल्या रंगाची) लवकर उडते, पिगमेंटची (बारीक रंगकणांची) कितीतरी जास्त टिकते.

रानवेडी: चितळ नाही मग. चितळाचे ठिपके जन्मभर राहतात, आईच्या अंगावर दिसलेच असते. युरोपातलं रो डिअर किंवा अमेरिकेतलं व्हाइट टेल असू शकेल, त्यांच्या पिल्लांचे ठिपके पहिल्या काही महिन्यांतच जातात. शेपटी दिसत असेल तर सांगा, रो डिअरला शेपूट जवळपास नसतंच. आणि ते पाडस मान खाली घालून बसलंय का? आई चरायला गेली की ती तशीच हालचाल न करता दबून बसतात, ठिपके म्हणजे पानांतून पडलेलं ऊनच वाटतं, चित्रकाराने ते बघून काढलं असेल तर भारीच.

प्रश्नकर्ती: हो!! मान अगदी जमिनीला टेकलेली, कान पाठीला चिकटलेले. शेपटी गवतात लपलीये. खाली पेन्सिलने सही आणि ११२/५०० असं लिहिलंय.

कुंचला: म्हणजे ५०० च्या मर्यादित आवृत्तीतली ११२ वी प्रत, दुसरी प्रत मिळेल का ते चित्रकाराला विचारून बघा. नाहीतर चांगला स्कॅन करून घ्या आणि रंग जुळवायला ती झाकलेली पट्टीच वापरा, तेवढाच खरा पुरावा आहे, म्हणून प्रिंट माउंटच्या मापाला कापू मात्र नका. स्कॅनवरून नवीन प्रत काढून लावायची तर चित्रकाराची परवानगी घ्या.

जुनाकागद: फ्रेम करताना अ‍ॅसिडफ्री माउंट आणि यूव्ही काच (अतिनील किरण अडवणारी) घ्या, पण त्या काचेच्या भरवशावर परत उन्हात नको. जर्मन चित्रकार ड्यूररचं १५०२ चं सशाचं जलरंगातलं चित्र व्हिएन्नाच्या अल्बर्टिना संग्रहालयात आहे, तेही उजेड सोसत नाही म्हणून क्वचितच बाहेर काढतात.

प्रश्नकर्ती: आतल्या खोलीत खिडकी नसलेली भिंत आहे, तिथे लावते. चित्रकाराला आजच मेल करते, पट्टीचा फोटोही जोडते.