हृदयाच्या औषधांमुळे वैवाहिक जीवनात अडचण

प्रश्न (मानेवाडा, नागपूर): माझे यजमान ५४ वर्षांचे आहेत. हार्ट फेल्युअरसाठी (हृदयाची रक्त ढकलण्याची ताकद कमी होणे) कार्वेडिलॉल आणि स्पायरोनोलॅक्टोन सुरू झाल्यापासून त्यांची इच्छा मंदावली आहे, छातीही दुखरी झाली आहे. संकोचामुळे ते डॉक्टरांकडे हा विषय काढत नाहीत आणि परवापासून गोळ्याच बंद करू म्हणत आहेत. काय करावे?

उत्तर १: ताई, गोळ्या मनाने मुळीच बंद करू देऊ नका, कार्वेडिलॉलसारखे बीटा ब्लॉकर (हृदयाचे ठोके मंद करणारे औषध) अचानक थांबवणे धोक्याचे असते. छातीचा दुखरेपणा बहुधा स्पायरोनोलॅक्टोनचा असावा, कारण ते पुरुषी संप्रेरकाच्या (हार्मोनच्या) कार्यात अडथळा आणते आणि त्यामुळे पुरुषांचेही स्तन दुखरे होऊ शकतात. त्याऐवजी एप्लेरेनोन देता येते, ज्यात हा त्रास बराच कमी असतो. मात्र बदल डॉक्टरांनीच करायचा. तोंडाने सांगणे जड जात असेल, तर तक्रार चिठ्ठीवर लिहून औषधांच्या फाइलमध्ये वरच ठेवा.

उत्तर २: सिल्डेनाफिल (व्हायाग्रा म्हणून ओळखली जाणारी ताठरतेची गोळी) मेडिकलमधून परस्पर आणू नका. जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेट किंवा दुसरे नायट्रेट (छातीत दुखण्यावरचे, रक्तवाहिन्या रुंदावणारे औषध) चालू असेल, तर दोन्ही मिळून रक्तदाब जिवावर बेतेल इतका घसरू शकतो.

उत्तर ३: दोष सगळा औषधांचाच असेल असे नाही; अशक्त हृदय, मधुमेह आणि मनातली भीती यांचाही त्यात वाटा असतो. दोन जिने दम न लागता चढता येत असतील, तर प्रकृती स्थिर असताना शरीरसंबंध साधारणपणे सुरक्षित मानतात. पण पायांवर सूज असेल किंवा उताणे झोपल्यावर दम लागत असेल, तर आधी तपासणी करून घ्या, आणि त्या वेळी तुम्हीही सोबत बसा.