राळ वाढवली की टेप जास्त चिकटते? काहीही!

भोसरीचा टेपवाला: काल इथे एकाने खोक्याच्या टेपबद्दल ठोकून दिलं, "कंपन्या राळ वाचवतात म्हणून टेप सुटते, राळ दुप्पट घाला." डोकं फिरलं वाचून. गमच्या रबरात राळ, म्हणजे चिकटपणा आणणारं रेझिन, घातली की रबर नरम पडतं, खोक्यावर पटकन पसरतं, मान्य. पण त्याच राळेने गमचं ग्लास ट्रान्झिशन, म्हणजे ज्या तापमानाखाली गम कडक होतो ते, वर चढतं. अति झाली की टेप टरटर करत झटक्याने सुटते, आणि थंडीत तर चिकटायचंच नाव घेत नाही. मग हॉटमेल्टवाले, म्हणजे गम वितळवून टेपवर लावणारे, तो नरम करायला वर तेल ओततात. बोटाला मस्त चिकटतं! पण 1 इंच बाय 1 इंच पट्टी स्टीलच्या पाटीवर लावा, 1 किलो टांगा. घसरत घसरत खाली येते. बोटाला चिकटणं वेगळं, सोलायला जोर लागणं वेगळं, भार पेलणं वेगळं.

गोदामवाला: ती पोस्ट माझीच. माझे खोके रिसायकल कागदाचे, धुळकट. पावसाळ्यात तोंडं उघडतात. तिथे तुमचं वजन कोण टांगतो?

भोसरीचा टेपवाला: खोक्याची उघडू पाहणारी झडप काय करते रात्रंदिवस? टांगूनच असते की!

मसाले पॅकिंग, सातारा: राळ राहू द्या. रोलवर 65 मीटर छापतात, मोजलं तर भरत नाही. किलोवर घ्यावं तर पुठ्ठ्याची नळीच एवढी जाड की पैसे नळीचेच. यावर कोण बोलणार?

गोदामवाला: अगदी! जाडीचे मायक्रॉनही थापाच. फिल्म आणि गम मिळून 40 सांगतात, हाताला कळतं की नाहीत.

भोसरीचा टेपवाला: विषय मिश्रणाचा आहे, नळीचा नाही.

मसाले पॅकिंग, सातारा: विषय लुटीचा आहे. तुम्ही टेपवाले एकमेकांना सांभाळून घेणारच.

भोसरीचा टेपवाला: तोंड सांभाळा. मी मीटर मोजून देतो, या आणि बघा.

मसाले पॅकिंग, सातारा: येतो, माझी मोजपट्टी घेऊन.

ग्रंथपाल ताई: राळप्रेमींनी आमच्या वाचनालयात यावं. जुन्या पुस्तकांना लावलेली टेप कधीच गळून पडली. रबर-राळेचा गम हवेने पिवळा पडून पानात मुरला, अक्षरांवर तपकिरी पट्टा उरला. पुसून बघा.

गोदामवाला: बरं बुवा, दुप्पट नको. दीडपट चालेल, की त्यालाही किलोभर टांगणार? रबराऐवजी ॲक्रिलिकचा गम असला तर म्हणे राळ लागतच नाही.

भोसरीचा टेपवाला: न घालताही चिकटतं, उन्हात पिवळं पडत नाही. पण तुमच्या धुळकट खोक्याला हॉटमेल्टच बरी. तेल कमी, राळ मापात. आणि टेप लावल्यावर हाताने दाबा हो, नुसती फिरवून सोडू नका.