मदत हवी: कागदांच्या पडताळणीवरून ठेकेदाराने मायला कामावरून थांबवलं, सुरुवात कुठून करू?

नमस्कार. मी परभणी जिल्ह्यातली. माझी माय आमच्या नगरपरिषदेत ठेकेदारामार्फत झाडलोटीचं काम करते, २०११ पासून. पहाटे पाचला हजेरी, बसस्टँडपासून मोंढ्यापर्यंतचा रस्ता तिच्याकडं. एवढ्या वर्षांत ठेकेदार चार बदलले, मायचा रस्ता बदलला नाही.

२०२४ च्या विधानसभेची आचारसंहिता उठली आणि नवीन ठेकेदाराची वर्क ऑर्डर निघाली. त्यानं आल्या आल्या सगळ्यांकडून आधार, बँकेचं पासबुक, पीएफचा यूएएन नंबर (खात्याचा कायमचा नंबर), वयाचा पुरावा आणि पोलिसांचा चारित्र्य दाखला मागितला. प्रत्येक कामगाराची पडताळणी करून यादी दिल्याशिवाय बिल निघणार नाही, असं नगरपरिषदेनं त्याला सांगितलंय म्हणे. ६४ जणांची यादी गेली आणि ९ नावं परत आली. नऊही बायाच.

मायचं असं आहे. आधारवर १ जानेवारी १९६६. गावात कॅम्प आलता, मशीनवरच्या पोरानं वय विचारलं, मायनं अंदाजानं सांगितलं, त्यानं तेच टाकलं. पण ती दुसरीपर्यंत जिल्हा परिषदेच्या शाळेत गेलेली आहे, आणि तिथं १ जून १९७१ आहे. ती १ जून गुरुजींनी लिहिलेली, आमच्याकडं अर्ध्या गावाची तीच तारीख असते. साल मात्र खरं आहे. ७२ च्या दुष्काळात आजी खडी फोडायला जायची तेव्हा माय नुकती पाऊल टाकायला लागली होती, हे आजीच्या तोंडून मी कितीदा ऐकलंय. त्यात शाळेत माहेरचं नाव, आधारवर सासरचं, आणि पीएफमध्ये तिसरंच काहीतरी.

मुकादम म्हणायलाय, "५८ भरले, उद्यापासून येऊ नका." २ डिसेंबरपासून माय घरी आहे. तरी चारलाच उठते, पाणी तापवते आणि दारात बसून राहते. बघवत नाही. नोव्हेंबरचा पगार जुन्या ठेकेदारानं अजून दिलेला नाही, ते वेगळंच.

पडताळणी नको असं आमचं म्हणणं नाही. मागच्या ठेक्यात हजेरीपटावर अशी नावं होती की ती माणसं आम्ही रस्त्यावर कधीच पाहिली नाहीत. त्यांचा पगार निघायचा आणि त्यांच्या वाटणीचा कचरा या बायांनी उचलायचा. ती नावं गेलीच पाहिजेत. पण जी बाई तेरा वर्षं रोज डोळ्यांसमोर झाडते आहे, ती खरी आहे की नाही हे आधारवरच्या तारखेवरून ठरवायचं का? ठेकेदाराला असं तोंडी थांबवता येतं का? आणि आधी आधार दुरुस्त करू की पीएफ? मी बी.ए. झालेय, फॉर्म भरता येतात. नऊही जणींचे मीच भरणार आहे. फक्त रस्ता सांगा.

पूर्णाकाठ:
ताई, कागदांच्या आधी एक गोष्ट. ५८ ची अट नेमकी कुणाची, ते शोधा. नगरपरिषदांची टेंडरं महाटेंडर्सच्या संकेतस्थळावर असतात, तिथून निविदेच्या अटी-शर्ती उतरवून घ्या. तिथं नाही मिळालं तर माहिती अधिकारात अर्ज टाका. १० रुपये फी, दारिद्र्यरेषेखालील असाल तर तीही नाही, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. निविदा, करारनामा आणि कामगारांची मंजूर यादी, तिन्ही मागा. ठेकेदार पुष्कळदा आपल्या सोयीची अट नगरपरिषदेच्या नावावर खपवतो.

दुसरं, तोंडी काही ऐकून घेऊ नका. "कागद दुरुस्त करायला मुदत द्यावी, तोवर कामावर ठेवावं" असा नऊ जणींच्या सह्या-अंगठ्यांचा अर्ज मुख्याधिकाऱ्यांच्या नावे आवक-जावकला द्या आणि पोच घ्या. एक प्रत जिल्ह्याच्या सरकारी कामगार अधिकाऱ्याकडे. वर्षात २४० दिवस काम केलेल्या कामगाराला काढायचं तर महिन्याची नोटीस आणि दर वर्षामागे १५ दिवसांचा पगार भरपाई, असं १९४७ चा औद्योगिक विवाद कायदा (नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू होता) सांगायचा. पण ठेकेदार बदलला की जुनी सेवा कुणाच्या माथी हे भांडण लांबतं. म्हणून तेवढ्यावर विसंबू नका, आधी कामावर परत जाणं महत्त्वाचं.

नोव्हेंबरच्या पगाराचं सोपं आहे. १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याप्रमाणे (तोही नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू होता) ठेकेदारानं पगार दिला नाही तर मूळ नियोक्त्यानं, म्हणजे इथं नगरपरिषदेनं द्यायचा आणि त्याच्या बिलातून कापून घ्यायचा. वेगळा अर्ज करा, दोन्ही विषय एकात मिसळू नका.

खडूफळा:
मी शिक्षक आहे, हिंगोलीकडचा. टीसी नसली तरी घाबरू नका. मुख्याध्यापकांकडे प्रवेश-निर्गम उताऱ्यासाठी अर्ज करा, जनरल रजिस्टरवरून मिळतो. शाळा दुसऱ्या शाळेत विलीन झाली असेल तर रजिस्टर केंद्रशाळेत किंवा गटशिक्षणाधिकारी कार्यालयात विचारा. गेल्या वर्षी कुणबी नोंदी शोधताना आम्ही पेट्यांतून सगळी जुनी रजिस्टरं काढली, झटकली, क्रमानं लावली. त्यामुळे आत्ता सापडायला सोपं जाईल.

आणि हे अर्जात जरूर लिहा: २४ ऑक्टोबर २०२४ लाच सर्वोच्च न्यायालयाने एका अपघात भरपाईच्या खटल्यात आधारवरची तारीख बाजूला ठेवून शाळा सोडल्याच्या दाखल्यावरची तारीख धरली. आधार ही ओळख आहे, जन्मतारखेचा पुरावा नव्हे.

हिशोबवही:
ठेकेदारांचे पीएफचे चलन भरायचं काम करते, म्हणून सांगते. पीएफ कार्यालयानेही जानेवारी २०२४ पासून आधारला जन्मतारखेचा पुरावा म्हणून वगळलं आहे. पण घाई नको. आधारवर जन्मतारीख आयुष्यात एकदाच बदलता येते. ती संधी अर्धवट कागदावर घालवली की पुढं फार अवघड जातं. निर्गम उतारा हातात येऊ द्या, आधार केंद्रावर चालणाऱ्या कागदांची यादी वाचा, मग आधार. पीएफ त्यानंतर, कारण दोन्हीकडचं जुळलं नाही तर पुढचं काहीच सरकत नाही. पीएफला संयुक्त घोषणापत्र लागतं, त्यावर कामगार आणि ठेकेदार दोघांची सही. जन्मतारखेत तीन वर्षांहून जास्त फरक असेल तर ते मोठा बदल धरतात आणि जास्त कागद मागतात. तुमचा फरक पाच वर्षांचा आहे.

आता खरी काळजीची गोष्ट. आईंच्या पीएफ पासबुकात पेन्शनचा रकाना बघा. नोंदीप्रमाणे ५८ झाले की पेन्शन खात्यात भरणा थांबतो, आणि पेन्शनला १० वर्षांची सेवा लागते. चार ठेकेदार म्हणजे कदाचित दोन-तीन यूएएन निघाले असतील आणि सेवा तुकड्यातुकड्यात पडली असेल. ते सगळं एका नंबरखाली आणा. नोकरीइतकंच हे मोठं आहे, उशीर करू नका.

सातासमुद्रापार:
मी मूळ अंबाजोगाईचा, सध्या अमेरिकेत एका कंपनीच्या मनुष्यबळ विभागात आहे. आमचं काम केंद्र सरकारच्या कंत्राटावर चालतं, म्हणून हा धागा वाचून राहवलं नाही. इथं सरकारी कंत्राटदाराला कामगाराची पडताळणी सक्तीची आहे. २००८ मध्ये अध्यक्ष बुश यांनी आदेश काढला आणि ८ सप्टेंबर २००९ पासून नियम लागू झाला. ई-व्हेरिफाय नावाच्या सरकारी प्रणालीत प्रत्येक नव्या माणसाची आणि त्या कंत्राटावर लावलेल्या जुन्या माणसांचीही माहिती टाकावी लागते. त्यात वय बघत नाहीत, अमेरिकेत काम करायचा कायदेशीर परवाना आहे का एवढंच बघतात, त्यामुळे सरळ तुलना होणार नाही.

पण एक नियम तुमच्या कामाचा वाटला. नोंद जुळली नाही तर मालकानं ते कामगाराला एकट्याला बोलावून सांगायचं, चारचौघांत नाही. कामगार म्हणाला की माझं बरोबर आहे, तर संबंधित सरकारी कार्यालयाशी संपर्क करायला त्याला सरकारी कामकाजाचे आठ दिवस मिळतात, आणि निकाल लागेपर्यंत त्याला काढता येत नाही, पगारही रोखता येत नाही. मी स्वतः असे कितीतरी जण पाहिलेत की लग्नानंतर आडनाव बदललं एवढंच कारण होतं, दोन दिवसांत मिटलं. तुमच्या अर्जात हीच मागणी शब्दांत मांडा: न जुळणाऱ्या नोंदीची लेखी कल्पना, दुरुस्तीची ठरलेली मुदत, तोवर काम चालू.

धागाकर्ती (१९ डिसेंबर):
सगळ्यांचे मनापासून आभार. पूर्णाकाठदादा, निविदा उतरवली. त्यात वयाची अट "१८ वर्षे पूर्ण" एवढीच आहे! ५८ चा कुठं उल्लेखच नाही. ते पान छापून अर्जाला जोडलं आणि नऊही जणी मिळून गेलो. मुख्याधिकारी साहेबांनी बसवून वाचलं, ठेकेदाराच्या माणसाला बोलावलं आणि ३१ जानेवारीपर्यंत मुदत लिहून दिली. सोमवारपासून सात जणी कामावर आहेत, मायही. पगाराचा वेगळा अर्ज दिलाय, पोच आहे.

निर्गम उतारा मिळाला, सर. रजिस्टरमध्ये मायचं नाव बघून ती त्या पानावरून किती वेळ बोट फिरवत होती. पासबुकही काढलं, हिशोबवहीताईंनी म्हटलं तसंच निघालं: दोन यूएएन, आणि जानेवारीपासून पेन्शनचा रकाना कोरा.

राहिल्या दोघी. एक ऊसतोडीच्या टोळीत लहानाची मोठी झाली, शाळेचं तोंडच पाहिलं नाही. आई-बाप नाहीत, जन्माची नोंद नाही. तिचं वय कशावर दाखवायचं? दुसरीच्या चारित्र्य दाखल्यात पत्ता जुना निघाला, तो अर्ज मी परत भरते आहे.

हिशोबवही:
शाळेचा कागदच नसेल तर जिल्हा रुग्णालयात शल्यचिकित्सकांकडून वयाचा वैद्यकीय दाखला घ्या आणि सोबत प्रतिज्ञापत्र करा, पीएफला हे दोन्ही मिळून चालतं. आधी केसपेपर काढून कोणत्या वारी तपासतात ते विचारा, म्हणजे तिची एका दिवसाची हजेरी बुडणार नाही. आणि तुमच्या आईंच्या घोषणापत्रावर ठेकेदाराची सही मुदतीच्या आत घेऊन टाका.