फॉरेन बॉडी ग्रॅन्युलोमाला मराठीत काय म्हणायचं?

चौकस: फिलर (ओठ, गाल भरीव दिसावेत म्हणून टोचतात ते), टॅटू असं सुईने त्वचेत काही घातलं की कधीकधी महिन्यांनी, अगदी वर्षांनीसुद्धा तिथे टणक गाठ येते, त्यावर मराठीत लिहितेय. बायोप्सीच्या रिपोर्टवर 'फॉरेन बॉडी ग्रॅन्युलोमा' असतं. नुसतं 'गाठ' म्हटलं की वाचणारा थेट कॅन्सरवर जातो आणि 'रिअ‍ॅक्शन' म्हटलं तर इंजेक्शननंतर लगेच गांधी उठतात तसलं काहीतरी वाटतं. काय लिहू?

खटपट्या: गळू?

जुनाजाणता: अजिबात नको, गळू म्हटलं की त्यात पू आला आणि लोक पिळायला बसतात. इथे कसंय, ती वस्तू शरीराला पचवताही येत नाही आणि बाहेरही टाकता येत नाही, मग मॅक्रोफेज नावाच्या पेशी तिला घेरतात, त्यातल्या काही एकमेकींत मिसळून महाकाय होतात, त्या घोळक्याची ही गाठ. पू असेल तर जंतुसंसर्ग बघायचा, क्षयाच्या जंतूंचे काही भाऊबंद सुई टोचल्यावर कित्येक आठवड्यांनी डोकं वर काढतात, म्हणून तर बायोप्सीबरोबर कल्चरही (जंतू वाढवून बघायची तपासणी) करतात.

आणि फॉरेन बॉडीला, म्हणजे अंगात शिरलेल्या बाहेरच्या वस्तूला, शब्द आहे की आपल्याकडे, शल्य! सुश्रुताच्या यादीत गवत, लाकूड, दगड, धूळ, धातू, केस, नख सगळं आहे, ते काढायचं शास्त्र म्हणजे शल्यतंत्र, आपण मात्र शल्यचिकित्सा म्हणजे ऑपरेशन एवढंच धरून बसलोय. मनातला सल पण त्यातलाच. सरळ 'शल्यगाठ' लिहा.

खटपट्या: मग कुरूप काय वाईट? काट्याचं टोक आत राहिलं की होतंच ना.

जुनाजाणता: कल्पना जवळची आहे पण कुरूप म्हटलं की पायच डोळ्यासमोर येतो, ओठावर कुरूप कोण म्हणेल?

एक मात्र बघा, शल्यगाठ सगळ्याला लावू नका. टॅटूतला फक्त लाल रंगाचा भाग खाजून फुगला तर ती बहुतेक वेळा शाईची अ‍ॅलर्जी असते. अ‍ॅक्युपंक्चरच्या चांदीच्या सुईचा तुकडा आत राहिला तर वर्षांनी निळसर-करडा डागच दिसतो, त्याला अर्जिरिया म्हणतात, गाठबीठ काही नसते.

चौकस: पटलं. शल्यगाठ घेते, ग्रॅन्युलोमा एकदा सुरुवातीला देईन म्हणजे रिपोर्ट हातात असलेल्याला जुळवता येईल. टॅटूसाठी 'उशिराची अ‍ॅलर्जी'. 'विलंबित' नको, मला ख्यालच ऐकू यायला लागतो.