लिवोफ्लॉक्सासिन घेतल्यावर आईच्या टाचेमागची शीर सुजली आहे – मदत हवी आहे

गोदाकाठ

नमस्कार मंडळी. आई ६७ वर्षांची, नाशिकला असते. मी पुण्यात. तिला जुना दमा आहे, पंप नियमित घेते. मधुमेहही आहे, त्यावर ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन चालू आहे. गणपतीच्या सुमारास खोकला छातीत उतरला, ताप आला, दम लागायला लागला. तिथल्या फिजिशियननी लिवोफ्लॉक्सासिन ५०० रोज एक आणि सोबत मिथाइलप्रेडनिसोलोन, म्हणजे स्टेरॉइडच्या गोळ्या दिल्या. छाती मोकळी झाली, त्याबद्दल काहीच तक्रार नाही.

कोर्स संपत आला तेव्हा सकाळी पलंगावरून पाय खाली टेकला की टाचेच्या मागे कळ येते, असं आई सांगू लागली. तळव्याला नाही, मागे, टाचेच्या हाडाच्या जरा वर जी जाड शीर हाताला लागते तिथे. आधी उजवा पाय, मग डावाही. आता उजवीकडे ती शीर डावीपेक्षा जाड लागते, दाबलं तर ओरडते. ताप नाही, बोटांचे सांधे ठीक आहेत. जिना चढते, पण उतरताना कठडा सोडत नाही. ही बाई श्रावणापर्यंत रोज सकाळी गंगेवर, म्हणजे गोदावरीवर, चालत जाऊन येत होती.

पुन्हा त्याच दवाखान्यात नेलं. "वय झालं, टाचेचं हाड वाढलं असेल, युरिक ॲसिड करून घ्या" एवढ्यावर बोळवण झाली. युरिक ॲसिड ५.१, म्हणजे नॉर्मलच आलं. मग हाडांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी एक्स-रे काढला, दुखायची गोळी लिहून दिली आणि कमी नाही झालं तर टाचेत स्टेरॉइडचं इंजेक्शन देऊ म्हणाले. आधी कोणतं अँटिबायोटिक झालं ते त्यांनी विचारलं नाही, आणि आम्हाला तरी ते सांगायचं असतं हे कुठे ठाऊक होतं?

भावाने गोळीच्या पाकिटातला तो घड्या घातलेला कागद भिंग घेऊन वाचला. त्यात टेंडनला (स्नायू हाडाला जोडणारी जाड शीर) सूज येणं, टेंडन तुटणं असं चक्क छापलेलं आहे. तेव्हापासून घरात दोन पक्ष पडलेत.

मला विचारायचं हे, की हे खरंच त्या गोळीने होतं का आणि औषध बंद होऊनही वाढू शकतं का? इंजेक्शन घ्यावं का? आत्ता घरी काय करू द्यावं आणि काय नाही? मावशी रोज फोन करून रुईच्या पानावर टाच शेकायला सांगते आहे. आणि आईला नवरात्रात वणीला पायऱ्यांनी जायचंय, ते वेगळंच.

तर्कट

गोदाकाठ, रागावू नका, पण पाकिटातला कागद वाचला तर पॅरासिटामॉलसुद्धा घेववणार नाही. माझ्या वडिलांना लिवो बऱ्याचदा दिली आहे, ठणठणीत आहेत. नाशिकात पावसाळ्यात चिकनगुनिया असतोच. आधी ती टेस्ट करा. ताप येऊन गेला आणि पाय धरले म्हणजे निम्म्या वेळा तोच असतो.

स्टेथो_आणि_चहा

मी एमडी मेडिसिन, सरकारी रुग्णालयात काम करतो. इथून तपासता येत नाही, त्यामुळे निदान करत नाही. पण तुम्ही जे लिहिलंय ते वाचून मी आधी औषधाकडेच बघेन.

सिप्रोफ्लॉक्सासिन, ऑफ्लॉक्सासिन, लिवोफ्लॉक्सासिन, मॉक्सिफ्लॉक्सासिन, नॉरफ्लॉक्सासिन ही सगळी एकाच घरातली, फ्लुरोक्विनोलोन. नावाच्या शेवटी "फ्लॉक्सासिन" दिसलं की समजायचं. टेंडनचा त्रास हा त्यांचा जुना, ओळखीचा दुष्परिणाम आहे. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००८ मध्ये त्यासाठी काळ्या चौकटीतला इशारा छापायला लावला. २०१६ मध्ये सांगितलं, की साधं सायनस, ब्राँकायटिस, साधी लघवीची जळजळ यांना दुसरा पर्याय असेल तर ही औषधं देऊ नका. ब्रिटनने जानेवारी २०२४ मध्ये त्याही पुढे जाऊन, दुसरं कुठलंच अँटिबायोटिक योग्य नसेल तेव्हाच वापरा, असं ठरवलं.

सर्वात जास्त फटका टाचेमागच्या अकिलीस टेंडनला बसतो, कारण शरीराचा भार तीच ओढते. खांदा, कोपर, मनगट, गुडघाही धरू शकतो. बऱ्याच जणांत दोन्ही पाय. सुरुवात पहिल्या ४८ तासांतही होते आणि गोळी बंद झाल्यावर काही महिन्यांनीही. म्हणून "कोर्स तर संपला" हे कारण पुरेसं नाही. धोका वाढवणाऱ्या गोष्टी म्हणजे वय ६० च्या वर, सोबत स्टेरॉइड, किडनी कमजोर असणं, अवयव प्रत्यारोपण. तुमच्या आईच्या बाबतीत पहिल्या दोन आहेतच. क्रिएटिनिन, म्हणजे किडनीची रक्ततपासणी, केलंय का? लिवोफ्लॉक्सासिन बहुतेक लघवीवाटे बाहेर पडतं, किडनी मंद असेल तर डोस कमी करावा लागतो.

का होतं, याचं एका ओळीत उत्तर नाही. ही औषधं मॅग्नेशियमला पकडून ठेवतात, टेंडनमधल्या पेशींवर ताण आणतात आणि कोलॅजन तोडणाऱ्या विकरांचं काम वाढवतात. टेंडनला रक्तपुरवठा मुळात कमी, त्यामुळे भरून यायला वेळ लागतो.

तर्कट यांचं म्हणणंही खोटं नाही. बहुतेकांना काही होत नाही, दुष्परिणाम विरळा आहे. पण विरळा म्हणजे तुमच्याच घरी नाही, असं नसतं. चिकनगुनियात सहसा हातापायांचे छोटे सांधे, मनगट, घोटे धरतात आणि सकाळी आखडतात. एका शिरेवर बोट ठेवून "इथेच" असं रुग्ण क्वचित सांगतो. शंका असेल तर चिकनगुनियाची आयजीएम रक्ततपासणी करून टाका, त्यात नुकसान काही नाही.

इंजेक्शनबद्दल मात्र स्पष्ट सांगतो. अकिलीसमध्ये किंवा तिच्या आजूबाजूला स्टेरॉइड टोचायला आत्ता होकार देऊ नका. आधीच कमजोर झालेली टेंडन त्याने तुटू शकते. हाडांच्या डॉक्टरांना लिवो आणि स्टेरॉइडचे कागद दाखवा, ते स्वतःच बेत बदलतील. एक्स-रेत टेंडन दिसत नाही, सोनोग्राफी करून घ्या. आणि दम्याचा पंप कृपया बंद करू नका. स्टेरॉइड म्हटलं की लोक आधी तोच बंद करतात. पंपातून रक्तात जाणारी स्टेरॉइडची मात्रा गोळ्यांच्या मानाने फार कमी असते.

पोटरी

फिजिओथेरपिस्ट आहे. घरी करायचं ते मी लिहिते.

सध्या चालणं घरापुरतं. पोटरी ताणायचे व्यायाम कुणी सांगितले तरी आत्ता नकोत, मालीशही नको. रुईच्या पानाने जीव जाणार नाही, पण सुजलेल्या जागी चटका देण्यात अर्थ नाही. त्यापेक्षा फडक्यात बर्फ गुंडाळून थोडा वेळ ठेवा. मधुमेह आहे, पायाची संवेदना कमी असेल तर बर्फही जपून. घरात अनवाणी चालू देऊ नका. दोन्ही चपलांत टाचेखाली फोमचा जाड तुकडा घाला, टाच उचलली गेली की शिरेवरचा ताण उतरतो.

हे कुणी सांगत नाही, पण भारतीय संडासात उकिडवं बसताना ही शीर पूर्ण ताणली जाते. कमोड नसेल तर खुर्ची आणा. जमिनीवरून उठबसही थोडे दिवस बंद.

"टक्" असा आवाज आला, मागून कुणी लाथ मारल्यासारखं वाटलं, किंवा चवड्यावर उभंच राहता येईना, तर त्याच दिवशी दवाखाना. आम्ही रुग्णाला पालथं झोपवून, पावलं पलंगाबाहेर ठेवून, पोटरी दाबतो. शीर शाबूत असेल तर पाऊल आपोआप खाली वळतं. हे घरी करून निष्कर्ष काढू नका, दाबणारा हात शिकलेला लागतो.

वणीला फ्युनिक्युलर ट्रॉलीने जा की! देवी तीच आहे.

काउंटरपलीकडून

औषधाचं दुकान आहे म्हणून दोन गोष्टी. लिवोफ्लॉक्सासिन २०१४ पासून एच-१ यादीत आहे, म्हणजे चिठ्ठीशिवाय देता येत नाही आणि वेगळ्या वहीत नोंद ठेवावी लागते. पण जुलाब लागले की ऑफ्लॉक्सासिन-ऑर्निडाझोलची गोळी लोक नावाने मागतात, न दिली तर शेजारच्या दुकानात जातात. तीही त्याच घरातली. तेव्हा आईच्या औषधांच्या डब्यात जुन्या पट्ट्या असतील तर काढून टाका.

दुसरं, कुणाला सिप्रो चालू असेल आणि अंगदुखीसाठी टिझानिडीन असलेली गोळी दिली, तर दोन्ही एकत्र घ्यायच्या नाहीत. बीपी एकदम खाली येतं. आणि मधुमेहाची ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असताना या अँटिबायोटिक्समुळे साखर धोकादायक खाली येऊ शकते. गोदाकाठ, त्या दिवसांत आईला घाम, थरथर असं काही झालं होतं का?

मुलुंडकर

इथे एक सांगणं भाग आहे. माझ्या भावाला औषधांना दाद न देणारा टीबी आहे, त्याला मॉक्सिफ्लॉक्सासिन चालू आहे. हा धागा वाचून कुणी टीबीची गोळी आपल्या मनाने बंद करू नये. तिथे या औषधाला पर्याय मोजकेच असतात. दुखायला लागलं की टीबी केंद्रात सांगायचं, ते ठरवतात. पायराझिनामाइड या टीबीच्याच दुसऱ्या औषधानेही युरिक ॲसिड वाढून सांधे दुखतात, त्यामुळे नेमका गुन्हेगार कोण हे त्यांनाच शोधू द्यावं.

गोदाकाठ

सगळ्यांचे आभार. काउंटरपलीकडून, हो! एकदा पहाटे घामाने भिजली होती, साखर ६२ निघाली होती. आम्ही ती आजारपणात नीट न जेवल्यामुळे धरली होती.

सोनोग्राफी झाली. उजवी अकिलीस जाड आहे, सूज आहे, पण तुटलेली नाही. क्रिएटिनिन १.३. हाडांच्या दुसऱ्या डॉक्टरांनी सगळे कागद शांतपणे पाहिले, इंजेक्शन नको म्हणाले, बूट दिलाय. मावशी अजून रुईवर ठाम आहे.

शेवटची शंका. दिवाळीनंतर आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलंय. त्यानंतर घालायच्या थेंबांत मॉक्सिफ्लॉक्सासिन असतं असं कळलं. ते चालेल का?

स्टेथो_आणि_चहा

थेंबांतून रक्तात जाणारी मात्रा नगण्य असते, मी वर लिहिलेले निर्बंध मुख्यतः गोळ्या आणि सलाइनबद्दल आहेत. तरी डोळ्यांच्या डॉक्टरांना ऑपरेशनआधीच सांगा, त्यांच्याकडे दुसऱ्या गटातले थेंबही असतात. केवळ या भीतीने ऑपरेशन पुढे ढकलू नका.

आईच्या फाइलच्या पहिल्या पानावर लाल अक्षरांत "फ्लुरोक्विनोलोन – टेंडनचा त्रास, साखर उतरली" असं लिहा आणि त्याचा फोटो तिच्या मोबाइलमध्ये ठेवा. शिवाय गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनकडे दुष्परिणामाची नोंद करा. रुग्णालाही करता येते, टोल-फ्री क्रमांक १८००-१८०-३०२४. गोळीचं नाव, बॅच नंबर, तारखा हाताशी ठेवून फोन करा. पट्टी फेकली नसेल अशी आशा आहे.

गोदाकाठ

भावाने पट्टी आणि तो कागद दोन्ही जपून ठेवलेत. सोमवारी फोन करतो.