भाचीला सांभाळायचे सरकारी पैसे घ्यावेत का?

पर्वतीपायथा:
बहीण चार वर्षांपूर्वी गेली. दाजींनी वर्षाच्या आत दुसरा संसार थाटला आणि पोर 'थोडे दिवस' म्हणून आमच्याकडे ठेवली, ती आजतागायत. आता नऊ वर्षांची आहे. धनकवडीत मी, आई आणि ती. राज्याच्या बाल संगोपन योजनेतून (जिला आता सावित्रीबाईंचं नाव आहे) महिना २,२५० रुपये मिळतात, म्हणून अर्ज केला. दिवाळीत वहिनी सगळ्यांदेखत म्हणाली, "पोरीच्या नावानं पैसे खाताय." माझं मत, घ्यावेत, आणि लाजू नये. तुमचं काय?

खडूसकाका:
वहिनी कडू बोलली, पण खोटं नाही. सदाशिव पेठेतल्या आमच्या वाड्यात चुलत-मावस धरून अकरा पोरं वाढली. कुणी वही ठेवली नाही. रक्ताच्या पोरीचा महिना घ्यायचा तर मग पाळणाघराची पाटीच लावा की! शिवाय पैसे मिळतात म्हटल्यावर उद्या कुणीही भाचा दाखवेल.

सुईदोरा:
काका, ती अकरा पोरं सांभाळत कोण होतं? वाड्यात एखादी आत्या असेलच, पहाटेपासून चुलीशी. तिच्या हातावर कुणी कधी चार पैसे ठेवले?

खडूसकाका:
होती. माईआत्या. पण तो मुद्दा वेगळा.

सुईदोरा:
तोच तर मुद्दा आहे.

तळजाई_रोज:
'कुणीही भाचा दाखवेल' इतकं सोपं नाहीये ते. घरी चौकशीला येतात, बाल कल्याण समितीपुढे मुलाला घेऊन जावं लागतं. केंद्राच्या मिशन वात्सल्यमध्ये तर ४,००० आहेत, पण शहरात कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ९६,००० च्या आत हवं. म्हणजे महिना आठ हजार. पुण्यात चार घरची धुणीभांडी करणारी बाईसुद्धा त्यात बसत नाही. भांडायचंच तर या अटीवर भांडा.

पर्वतीपायथा:
पैशांचं एक वेळ सोडा. बँकेत आईचा अंगठा मशिनवर उमटेना. आयुष्यभर भांडी घासून रेघाच गेल्यात. मुलगा म्हणाला, "आजी, हात पुसून लावा." तिनं पदराला पुसला, लावला, परत पुसला. सहाव्यांदा लागला. पोर शेजारी उभी राहून मोजत होती.

आणि सही! शाळेला वडिलांची सही हवी. मागच्या पावसाळ्यात तिच्या पोटात दुखायला लागलं, रात्री अकराला दवाखान्यात नेलं, अपेंडिक्स निघालं. ऑपरेशनच्या कागदावर सही कुणाची? मी मावशी, मला म्हणे अधिकार नाही. दाजींचा फोन बंद. डॉक्टर भले होते, त्यांनी आईची सही चालवून घेतली. वाढवायचं आम्ही, कागदावर बाप तोच.

तळजाई_रोज:
त्यासाठी कोर्टातून पालकत्व घ्यावं लागेल. कायदा १८९० चा आहे, अजून तोच चालतो. बाप हयात असल्यानं वेळ लागेल, पण त्यानं लेखी संमती दिली तर काम हलकं होतं.

खडूसकाका:
हे मात्र पटलं. सहीचा हक्क द्यायलाच हवा, ताबडतोब. पैसे नकोत, सही द्या, असं म्हणा ना सरकारला.

पर्वतीपायथा:
काका, सहीसाठी वकील लागतो. त्यानं पहिल्या तारखेचे पाच हजार सांगितलेत.