पायथनमधले 'पॅकेज' नेमके कशाला म्हणायचे?

प्रश्न : मॉड्यूल, पॅकेज, लायब्ररी हे शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात. फरक काय? आणि 'सापेक्ष इम्पोर्ट' कशाच्या सापेक्ष?

उत्तर : मॉड्यूल म्हणजे सहसा पायथन कोडची एक पीवाय (.py) फाइल, जी दुसऱ्या कोडमध्ये इम्पोर्ट करता, म्हणजे मागवता येते. पॅकेज म्हणजे अशा फाइली असलेला फोल्डर, ज्यात डंडर-इनिट (__init__.py) फाइल असते; डंडर म्हणजे नावाच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन अंडरस्कोर. पायथन ३.३ पासून ती नसली तरी इम्पोर्ट होतो, पण तरीही ठेवाच, रिकामी का असेना. कोड वाटपासाठी बांधणाऱ्या सेटपटूल्स या साधनाचे 'फाइंड पॅकेजेस' ती नसलेला फोल्डर वगळते. मग तुमच्या मशीनवर सगळे चालते आणि सर्व्हरवर 'मॉड्यूल नॉट फाउंड' येते. लायब्ररी हा ढिला शब्द आहे, त्याला काटेकोर व्याख्या नाही.

भर : खरा घोळ 'पॅकेज'च्या दुसऱ्या अर्थाने होतो. पिप या इन्स्टॉल करणाऱ्या साधनाने बसवतो तेही पॅकेजच, आणि दोन्ही नावे जुळतीलच असे नाही. बसवायचे पिलो, इम्पोर्ट करायचे पीआयएल. बसवायचे सायकिट-लर्न, इम्पोर्ट करायचे एसकेलर्न. म्हणून लिहिताना 'इम्पोर्ट पॅकेज' आणि 'डिस्ट्रिब्युशन पॅकेज' असे स्पष्ट म्हणावे.

उत्तर : सापेक्ष म्हणजे ज्या मॉड्यूलमध्ये इम्पोर्ट लिहिला आहे त्याच्या पॅकेजच्या सापेक्ष, टर्मिनल कुठल्या फोल्डरमध्ये उघडले आहे त्याच्या नव्हे. एक टिंब म्हणजे तेच पॅकेज, दोन टिंबे म्हणजे त्याच्या वरचे. समजा 'दुकान' पॅकेजात 'बिल' आणि 'कर' अशी दोन मॉड्यूल आहेत, आणि 'बिल'मध्ये 'फ्रॉम टिंब इम्पोर्ट कर' लिहिले आहे. बिलची फाइल थेट चालवली की तिचे नाव डंडर-मेन (__main__) होते, मूळ पॅकेज उरत नाही आणि 'नो नोन पेरेंट पॅकेज' ही चूक येते. प्रोजेक्टच्या मुळाशी जाऊन 'पायथन -एम दुकान.बिल' द्या, शेवटी पीवाय न लावता.

प्रश्न : आणि एररमध्ये 'पार्शली इनिशियलाइज्ड मॉड्यूल' असे येते, ते काय?

उत्तर : अर्धवट चाललेले मॉड्यूल, बहुतेक वेळा चक्री इम्पोर्टमुळे, म्हणजे दोन मॉड्यूल एकमेकांना मागवतात म्हणून. पायथन मॉड्यूलची नोंद सिस-मॉड्यूल्समध्ये (मागवलेल्या मॉड्यूलच्या यादीत) आधी करतो, कोड नंतर चालवतो. 'बिल'ने वरच्याच ओळीत 'कर' मागवले, 'कर'ने उलट 'बिल'मधले 'रक्कम' हे फंक्शन मागितले, तर 'बिल'ची नोंद सापडते पण 'रक्कम' तयार करणारी ओळ अजून चाललेलीच नसते. इम्पोर्ट फंक्शनच्या आत ढकलला की चूक थांबते, मात्र गुंता तसाच राहतो. 'रक्कम' तिसऱ्या मॉड्यूलमध्ये काढून दोघांनी तिथून घेणे हाच पक्का उपाय.

भर : चक्र दिसतच नसेल तर फाइलींची नावे तपासा. स्वतःच्या फाइलला 'रँडम' नाव देऊन तिच्यातच पायथनसोबत येणारे रँडम मॉड्यूल इम्पोर्ट करून वापरले, की ती स्वतःलाच मागवते आणि पायथन ३.१२ पर्यंत हाच संदेश येतो.